दोनशे चौदा वेळा दिलेलं माप

१

रोज सकाळी अकराला राजकन्या खोलीची खिडकी लावून घ्यायची, पंखा दोनवर करायची आणि फोटोंना नंबर द्यायला बसायची. नांदेडला विद्यापीठाजवळ तिनं आणि धम्मप्रियानं मिळून ही खोली घेतली होती. धम्मप्रिया मातीवर पीएचडी करत होती, राजकन्या देवांवर. तुझी माती बरी, निदान पिकते तरी, असं राजकन्या म्हणायची. तुझे देव बरे, त्यांना खत लागत नाही, असं धम्मप्रिया म्हणायची. एवढ्यावर दोघींचं दीड वर्ष मजेत चाललं होतं.

राजकन्येचा विषय तसा सातासमुद्रापलीकडचा. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या काठचे लोक आपल्या देवळांत भाजलेल्या मातीचे हात, पाय, डोळे, कान वाहायचे. दुखणं बरं व्हावं म्हणून, नाहीतर बरं झालं म्हणून. ह्या नवसाच्या वस्तूंवर तिचा प्रबंध होता, आणि त्यासाठी तिकडच्या एका संस्थेनं शिष्यवृत्ती दिली होती. एक वर्ष ती इटलीत राहून आली होती. संग्रहालयाच्या तळघरात बसून कुणाकुणाचे मातीचे पाय तिनं मोजले होते. आता तुलनेसाठी आपल्याकडचं एखादं चालतं देवस्थान घ्यायचं होतं. ते प्रकरण संस्थेच्या समितीला पटलं तर पुढची दोन वर्षं मिळणार होती. नाही पटलं तर परत रेणापूर, सोयाबीन आणि बघायला येणारे पाहुणे.

शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा घरी जे झालं ते राजकन्या विसरली नव्हती. आई म्हणाली, मी देवीला बोलले होते. मावशी म्हणाली, माझे सोळा सोमवार. चुलते म्हणाले, मी अनवाणी चालत गेलो होतो ना. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात ते हेच. पहाटे चारला उठून चार वर्षं इंग्रजी कुणी घोकलं, हे कुणी विचारलं नाही. राजकन्येला ह्याचा संताप होता आणि तो ती लपवायची नाही. त्या दिवशी भरल्या घरात ती म्हणाली होती की मी कुणाला काही मागितलं नाही, अभ्यास केला. सगळे हसले आणि पेढे संपले.

त्या मंगळवारी सकाळी तिच्या तिकडच्या मार्गदर्शक बाईंचा मेल आला. किनवटकडच्या देवस्थानाचे फोटो उत्तम आहेत, असं त्यांनी लिहिलं होतं. फक्त एक सूचना होती. मोजपट्टी म्हणून जो हात ठेवला आहे तो सरळ ठेवावा; ऐंशीच्या पुढं तो वळत गेला आहे, मापाला उपयोगी नाही.

२

हाताची गोष्ट अशी झाली होती.

किनवटच्या पुढं जंगलात टेंभुरवाडी म्हणून तीस-पस्तीस घरांचं गाव आहे. गावाबाहेर खोडाई देवीचं ठाणं. एका वठलेल्या मोहाच्या खोडाभोवती चार भिंती आणि वर पत्रे, बस्स. आत तारांवर टांगलेले पत्र्याचे हात, पाय, डोळे. तेलाच्या डब्याच्या पत्र्यातून कापलेले, काही तांब्याचे, दोन-चार चांदीचे. दार उघडलं की वाऱ्यानं सगळे एकमेकांना लागायचे आणि बारीक टिणटिण व्हायची. राजकन्येला ते बघून हर्ष झाला. इटलीत जे तळघरात पडलं होतं ते इथं अजून लटकत होतं.

तिच्या धंद्यात एक नियम आहे. वस्तूचा फोटो काढताना शेजारी मोजपट्टी पाहिजे, नाहीतर तो फोटो नव्हे, नुसतं चित्र. तिची पुठ्ठ्याची काळी-पांढरी पट्टी पहिल्याच दिवशी ठाण्याच्या पुजाऱ्याच्या, अण्णारावांच्या बकरीनं खाल्ली. पेन ठेवून पाहिलं तर ते घरंगळायचं. किनवटला परत जायचं म्हणजे दिवस मोडणार. मग तिनं आपला डावा हात मोजला, मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत बरोबर सतरा सेंटिमीटर, आणि तोच पट्टी म्हणून वापरला. एकेक वस्तू तारेवरून काढायची, फरशीवर ठेवायची, तिला खेटून हात टेकवायचा. पालथा, बोटं जुळवून. उजव्या हातानं फोटो. मग वस्तू परत तारेवर. तीन दिवसांत दोनशे चौदा वस्तू झाल्या.

अण्णाराव तिन्ही दिवस दारात दोरी वळत बसले होते. सत्तरीचा वाळकुडा माणूस, बोलणं कमी. त्यांनी तिला एकदाही हटकलं नाही. तिसऱ्या दिवशी निघताना मात्र त्यांनी उठून तिला हात जोडले. एवढ्या म्हाताऱ्या माणसानं आपल्याला नमस्कार करावा ह्याचं तिला अवघडल्यासारखं झालं. चेहऱ्यावर त्यांच्या कीव होती, पण ती तिनं उन्हाच्या खात्यावर टाकली.

३

मेल वाचून तिनं एक्क्याऐंशी नंबरचा फोटो उघडला. पत्र्याचा पाय, शेजारी तिचा हात. हात जरासा कुशीवर होता, करंगळी टेकलेली आणि अंगठा वर. दमले असेन, ती स्वतःशी म्हणाली. शंभरावर गेली. हात आणखी कलंडला होता. दीडशेवर तळवा दिसायला लागला. दोनशे चौदाला हात पुरता उताणा होता, बोटं आत वळलेली, मधे खळगा. कुणापुढं पसा धरावा तसा.

तिला पक्कं आठवत होतं की हात पालथा होता. रोज संध्याकाळी तळव्याला लागलेली फरशीची धूळ तिनं स्वतः धुतली होती. उताण्या हाताच्या तळव्याला धूळ कशी लागेल?

दुपारी धम्मप्रिया जेवायला आली. राजकन्येनं काही न सांगता तिला स्क्रीनपुढं बसवलं. धम्मप्रियानं एक नंबरचा फोटो लावला आणि पुढं जायचं बटण दाबून धरलं. फोटो भराभर पळायला लागले. पाय, डोळा, कान, पंजा, पुन्हा पाय. वस्तू बदलत होत्या आणि हात मात्र एकाच जागी होता. झोपलेलं माणूस कूस बदलतं तसा तो सावकाश वळला, उताणा झाला आणि बोटं आत घेऊन थांबला.

धम्मप्रियानं बटणावरचं बोट काढलं. तिनं पुन्हा एकदा सुरुवातीपासून लावलं. मग प्रत्येक फोटोची तारीख-वेळ बघत बसली. तिची भाजी गार झाली.

"तीन दिवस," ती म्हणाली. "मधे जेवलीस, झोपलीस, गावात गेलीस. दोनशे चौदा वेळा हात उचललास अन् परत ठेवलास. दर वेळी आधीपेक्षा केसभर जास्त वळवून. राजे, हे ठरवून केलं तरी जमायचं न्हाई."

राजकन्येला तिचा राग आला. खरं म्हणजे तिला वाटलं होतं, धम्मप्रिया हसेल.

४

त्यानंतर हाताला सवयच लागली.

दुपारी जरा आडवी झाली की उठताना डावा हात अंगाबाहेर पडलेला असायचा, उताणा. टेबलावर पालथा ठेवून वाचायला घेतलं की पान उलटायच्या वेळी तो वळलेला दिसायचा. दुखत नव्हता, बधिर नव्हता. सांगितलं की ऐकायचा, भांडी धुवायचा, वेणी घालायचा. लक्ष काढलं की वळायचा.

डॉक्टरांनी दंडापासून बोटांपर्यंत तारा लावून बारीक करंट सोडला, कागद पाहिला आणि नस उत्तम आहे म्हणाले. ताण कमी करा, झोप घ्या. राजकन्येला बरं वाटलं. ताण तर होताच. समितीची बैठक पुढच्या महिन्याच्या पंचवीस तारखेला होती.

मग बसस्टँडची गोष्ट झाली. ती विद्यापीठाच्या बसची वाट बघत बाकावर बसली होती, फोनमध्ये डोकं घालून. एकदम तळव्याला काहीतरी गार लागलं. दोन रुपयांचं नाणं होतं. देणारी एक नऊवारीतली म्हातारी चार पावलं पुढं गेली होती. राजकन्या धावत गेली आणि नाणं तिच्या हातात कोंबलं. मी मागितलं नव्हतं, ती म्हणाली, आवाज जरा चढलाच.

म्हातारी तिच्या स्वच्छ ड्रेसकडं, पायातल्या बुटांकडं बघत राहिली. "हात तर केलतास की, बाई," ती म्हणाली.

घरी येईपर्यंत राजकन्येचं डोकं तापलं होतं. तिनं हात टेबलावर पालथा टेकवला आणि त्यावर कपाटातला सर्वांत जाड शब्दकोश ठेवला. उजव्या हातानं ती टिपणं काढत बसली, मुद्दाम तिकडं न बघता. खिडकी बंद, वीज गेलेली, पंखा थांबलेला. दहा-बारा मिनिटं काहीच नाही. मग कोश टेबलावर घासल्याचा आवाज आला. थोडा थांबून पुन्हा. कोश एका बाजूनं उचलत उचलत शेवटी जमिनीवर पडला, आणि तो पडेपर्यंत राजकन्येनं मान वर केली नाही. तिनं वाक्य पुरं केलं, पूर्णविराम दिला, मगच पाहिलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं ती किनवटला गेली, तिथून जीपनं टेंभुरवाडीला. पोचली तेव्हा दुपारचा एक वाजला होता. अण्णाराव दारातच होते, दोरी वळत. तिनं काही सांगायच्या आत त्यांनी तिच्या डाव्या हाताकडं पाहिलं.

"अजून मागितलं न्हाई का, ताई?"

ती म्हणाली, मला मागायचंच नव्हतं, मी फोटो काढत होते. म्हाताऱ्याच्या हातातली दोरी थांबली. मग त्यांनी सांगितलं ते थोडकंच होतं. इथं येणारा माणूस आधीच्या एखाद्या हातापायाला खेटून आपला हात टेकवतो. ते माप. माप दिलं की मागायचं. मिळालं की तेवढ्याच मापाचा पत्रा कापून आणून टांगायचा. ह्यापलीकडं इथं काही नाही. मंत्र नाही, पोथी नाही.

"लोकं एकडाव टेकवतेत, मागतेत, जातेत," ते म्हणाले. "तुम्ही तीन दिवस टेकवतच व्हतात. मला वाटलं, बाईचं मागणं लई मोठं हाय. दुसऱ्याचं मागणं इचारू नये म्हणतेत, म्हणून गप बसलो."

राजकन्येला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आता काय करायचं, तिनं विचारलं.

"मागा की कायबी. बारकं मागा. तूर चांगली येऊ दे म्हणा. ती द्यायला बसलीय अन् तुम्ही मागंनात."

"अन् न्हाईच मागितलं तर?"

अण्णारावांनी दोरीला आणखी एक पीळ दिला. "तसं कुणी केलं न्हाई अजून," ते म्हणाले.

ती आत गेली. बाहेर पान हलत नव्हतं, तरी तारांवरचे पत्रे वाजत होते. बारीक, घाईघाईनं, एकाला एक लागून. मधे ते वठलेलं खोड, दोन माणसांच्या कवेत न मावणारं. गेल्या वेळी तिनं त्याचा घेर मोजला होता आणि मागच्या बाजूला भिंत आणि खोड यांच्यात वीतभर जागा आहे, असं टिपून ठेवलं होतं.

"मला काही नको," राजकन्या मोठ्यानं म्हणाली. "जे हवंय ते मी माझं मिळवते. आजपर्यंत मिळवलं, पुढंही मिळवीन."

टिणटिण थांबली. हळूहळू नाही, एकदम. कानाला दडे बसल्यासारखी शांतता झाली, आणि त्या शांततेत खोडाच्या पलीकडं, त्या वीतभर जागेत, कुणीतरी पाठ टेकून बसलेलं नीट ऐकू यावं म्हणून जरा पुढं झुकलं. लुगड्याची असावी तशी सळसळ झाली. खोडाच्या कडेला, जमिनीपासून हातभर उंचीवर, काहीतरी फिकट दिसलं आणि राहिलं.

राजकन्येनं ते काय आहे हे बघितलं नाही. आपण घाबरलो नाही हे खोडाईला कळावं म्हणून ती दहापर्यंत मोजत उभी राहिली आणि मग चालत बाहेर आली. पळावंसं फार वाटलं, पण पळाली नाही.

६

आईला फोनवर तिनं सगळं सांगितलं ती चूकच झाली. पण कुणाला तरी सांगायला हवं होतं. कावेरीबाई आधी रडल्या, मग समजूत घालायला लागल्या. मागून टाक माय, त्या म्हणाल्या, शिष्यवृत्तीच माग, नाहीतरी तुला तीच पाहिजे. एवढं काय जातंय तुझं?

"माझं तेवढंच हाय, माय," राजकन्या म्हणाली. "आता मागितलं तर पुढचं मागचं समदंच तिचं होईल. मी पहाटे उठले तेसुदिक."

आईला ते कळलं की नाही कोण जाणे. फोन ठेवला तेव्हा धम्मप्रिया शेजारीच बसली होती. ती असल्या गोष्टी मानणारी नव्हती, आणि गेल्या काही दिवसांत तिनं फोटोंचं तेवढं एक कोडं तसंच बाजूला ठेवून दिलं होतं. ती म्हणाली की आमच्या घरात तीन पिढ्या झाल्या, कुणी कुठल्या दारात मागायला गेलं नाही. त्यापायी काय काय सोसलं ते माझ्या आजीला विचार. पण ताठ राहिलो. तू पण मागू नको. हाताचं बघू.

मग राजकन्येनं उजव्या हाताच्या पाच बोटांनी प्रकरण लिहून काढलं. डावा आता सांगूनही ऐकेनासा झाला होता. मांडीवर उताणा पडून असायचा. त्यावर ती रुमाल टाकायची. एकोणीस दिवसांत पासष्ट पानं झाली. फोटो तिनं एकही गाळला नाही. पद्धतीबद्दल लिहिताना तिनं लिहिलं की मोजपट्टी म्हणून संशोधिकेचा डावा हात वापरला आहे, आणि हा हात स्थिर नाही. वाचून धम्मप्रिया पहिल्यांदा हसली. सोमवारी प्रकरण गेलं. लिहून झालेलं काम बघून राजकन्येला जो आनंद झाला तो तिनं कुणाशी वाटून घेतला नाही. तो तिचा एकटीचा होता.

गुरुवारी दुपारी ती जेवून ताट उचलायला गेली आणि ताट दोन्ही हातांनी उचललं गेलं. डावा हात पालथा झाला, मिटला, उघडला. रुमाल खाली पडला. ती हात चोळत खोलीभर फिरली. वीस मिनिटांनी मेल वाजला. शिष्यवृत्ती दोन वर्षांसाठी मंजूर.

तारीख एकोणीस होती. समिती पंचवीसला बसणार होती.

मार्गदर्शक बाईंनी फोन केला, त्याही चकित होत्या. सहाही जणांनी एकाच सकाळी सह्या केल्या म्हणाल्या, असं कधी झालं नव्हतं. असेलही, राजकन्येनं स्वतःला समजावलं. लोक सुटीवर जायच्या आधी कामं उरकतात. प्रकरण चांगलं होतं. ते चांगलंच होतं.

मग तिनं आईला फोन लावला. तो बंद होता. तिनं वडिलांना लावला. रामकिशन रानात होते, मागं मोटार चालू होती.

"तुझी माय तर तुझ्याकडंच आलीय की," ते म्हणाले. "कालच्या एसटीनं. पोचली न्हाई का?"

७

शनिवारी सकाळी राजकन्या गावी पोचली तेव्हा कावेरीबाई आदल्या संध्याकाळीच परतल्या होत्या. स्वयंपाकघरात चुलीपुढं बसून त्या भाकरी थापत होत्या. आवाजावरूनच काहीतरी चुकतंय हे कळत होतं. थाप पडायची, मधेच राहायची, पुन्हा पडायची. काठवटीतली भाकरी एका अंगाला जाड, एका अंगाला फाटलेली. डावा हात पदराखाली होता.

राजकन्येनं पदर बाजूला केला. हात मांडीवर उताणा होता, बोटं आत वळलेली.

"दुखत न्हाई गं," आई म्हणाली. "नुसता वळलाय. ते म्हातारं बाबा म्हणलं, माप पोरीचं हायच, दोनशे चौदाडाव दिलेलं. मागाय तेवढं कुणीतरी पाहिजे. मग मी माझा हात टेकवला अन् तुझी शिष्यवृत्ती मागितली. तुझा सुटला, माझा वळला."

"तुला कुणी सांगितलं होतं?"

"तुला मागता येत न्हाई. लहानपणापासून आलं न्हाई. कुणाच्या घरी गेलीस तर पाणीसुदिक मागायची न्हाईस, तशीच तहानंली यायचीस. मग कुणी मागायचं?"

राजकन्येला आईचा असा राग कधी आला नव्हता आणि अशी मायाही कधी दाटली नव्हती. दोन्ही एकदम आलं आणि ती तिथंच चुलीपुढं बसून रडली. पासष्ट पानं आपण लिहिली की लिहून घेतली गेली, सह्या प्रकरणाला मिळाल्या की आईच्या मागण्याला, हे आता तिला मरेपर्यंत कळणार नव्हतं. आणि त्या न कळण्यासाठी आईचा हात गेला होता.

मग तिनं डोळे पुसले, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पाटावर ठेवला. चार ओळी लिहिल्या. शिष्यवृत्ती मी स्वीकारत नाही. मंजुरी कृपया रद्द करावी. प्रबंध मी पुरा करणार आहे, माझ्या बळावर, वेळ लागला तरी. खाली नाव.

पाठवायला उजवं बोट पुढं गेलं आणि मधेच थांबलं. डाव्या हातानं उजवं मनगट धरलं होतं.

तिनं धरलं नव्हतं. तिनं तो हात मांडीवर ठेवला होता आणि ती स्क्रीनकडं बघत होती. पकड घट्ट होत गेली, नखं रुतली. तिनं ओढून पाहिलं, मनगट चुलीच्या कडेवर आपटून पाहिलं. आई बघत होती. आईचा चेहरा पांढरा पडला होता.

"माय," राजकन्या म्हणाली, "ते निळं बटण हाय ना, ते दाब."

"काय होतंय त्यानं?"

तिनं सरळ सांगितलं. तू मागून आणलंस ते परत जाईल. परदेश, पैसे, दोन वर्षं, सगळं. तुझा हात सुटेल का, मला ठाऊक नाही. माझा बहुतेक पुन्हा वळेल.

"अन् तुझा अभ्यास?"

"तो राहील. तो तिनं दिला न्हाई."

चुलीतलं लाकूड तडकलं. कावेरीबाईंनी लेकीच्या मनगटाकडं पाहिलं, तिथं रक्ताचे बारीक टिपके आले होते. सबंध जन्म त्यांनी मागण्यात घालवला होता. पावसाला मागितलं, नवऱ्याच्या तब्येतीला मागितलं, पोरीला मागितलं. नको म्हणून त्यांनी कुणाला कधी काही परत केलं नव्हतं, साधी साखरेची वाटीसुद्धा नाही. पिठानं भरलेला उजवा हात त्यांनी पुढं केला, बोट जरा हवेत थांबलं.

"लई उद्धट हायस," त्या म्हणाल्या, आणि दाबलं.

८

मेल गेला. बटणावर ज्वारीच्या पिठाचा ठसा राहिला.

मनगटावरची पकड सुटली. डावा हात सावकाश वळला, खाली गेला आणि आईच्या हाताशेजारी जमिनीवर उताणा पडला. आईचाही तो तसाच होता. दोघी वाट बघत बसल्या. अंगणात कोंबड्या चरत होत्या, शेजारच्या घरी कुणीतरी कपडे आपटत होतं. काहीच सुटलं नाही.

राजकन्येला वाटलं होतं, आपण आता मोडून पडू. तसं झालं नाही. कित्येक दिवसांनी तिला पोटात हलकं वाटत होतं आणि कडकडून भूक लागली होती.

"तवा तापलाय," आई म्हणाली.

राजकन्या तिच्या शेजारी सरकली. काठवटीत नवा गोळा घेतला. आईचा उजवा हात एका अंगानं, लेकीचा उजवा दुसऱ्या अंगानं. आधी दोघींचे हात एकमेकांवर आपटले. मग आई म्हणाली, मी थापीन तवर तू फिरव, आणि ताल जमत गेला. एक थाप आईची, एक फिरवणं लेकीचं. भाकरी वाकडीतिकडी, पण फाटली नाही.

ती तव्यावर टाकत असताना राजकन्येच्या डाव्या तळव्यात वजन पडलं.

फार नाही, धान्याच्या चिमटीएवढं. गरम नाही, गार नाही. मग आणखी थोडं. जपून, एकावर एक, सांडू नये अशा बेतानं कुणीतरी ठेवत होतं. शेजारी बांगड्या वाजल्या. आईच्या हातालाही तेच लागलं असावं. दोघींच्या मागं, जिथं फक्त भिंत आणि पाण्याचा रांजण होता, तिथं लुगडं सळसळलं.

"खाली बघू नको," राजकन्या म्हणाली.

"मी कुठं बघायलेय?" आई म्हणाली. तिची हनुवटी वर होती. "तव्याकडं बघ. पाणी लाव, करपतीय."

तळवे भरत होते. राजकन्येनं उजवा हात पाण्यात बुडवला आणि भाकरीवरून फिरवला.